रंगाच्या आधी कागद: कला आणि उद्योग मिळून वस्ती बदलायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरात जुन्या कारखान्यांचा पट्टा आहे, निम्मे गाळे बंद पडलेत, निम्म्यांत अजून वेल्डिंग, सुतारकाम, छपाई चालू आहे, मागच्या गल्ल्यांत भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत. आता कलाकारांचा एक गट तिथं यायचं म्हणतोय, त्यांना भित्तिचित्रांचा महोत्सव करायचाय, एक मोठी कंपनी पैसे घालायला तयार आहे, पालिका त्या भागाला "कला विभाग" जाहीर करायच्या विचारात आहे. आणि तुम्ही विचारताय की ह्यानं वस्ती सुधारेल की तिथली माणसंच उठवली जातील, आणि न्याय्य पद्धतीनं करायचं तर नेमकं काय करायचं.

मी वीसेक वर्षं ह्याच कामात आहे. जुने कारखाने, शेड, गोदामं यांच्यात छोटे गाळे तयार करायचे, कारागीर आणि कलाकार दोघांनाही परवडतील असे करार लिहून घ्यायचे, मालक, पालिका आणि भाडेकरू यांच्यामध्ये बसायचं. त्यामुळे आधीच सांगतो, सुधारेल की उठवतील हे चित्रांच्या दर्जावर ठरत नाही, कलाकारांच्या मनात काय आहे ह्यावरही ठरत नाही (बहुतेकांच्या मनात चांगलंच असतं). पहिला रंग लागतो त्या दिवशी जागा कुणाच्या नावावर आहे आणि तिथल्या माणसाच्या हातात किती वर्षांचा करार आहे, ह्यावर ते ठरतं.

हे मी शिकलो ते आमच्याच हातून झालेल्या चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका गल्लीतल्या चौदा शटरांवर चित्रं काढून घेतली. वेल्डर, बफिंगवाले, स्क्रीन प्रिंटिंगवाले सगळ्यांनी आनंदानं शटरं दिली, त्यांच्या पोरांनी शिड्या धरल्या, रंग कालवले. वर्षभरात गल्ली सगळ्यांच्या फोटोंमध्ये दिसायला लागली, मग एका मालकानं चार गाळे एकत्र करून शोरूमला दिले आणि बाकीच्या मालकांनी तोच भाव धरून ठेवला. करार सगळ्यांचे वर्षावर्षाचे, त्यामुळे कुणाला काढायचीसुद्धा गरज पडली नाही, नूतनीकरणच झालं नाही. बफिंगवाला गाळा रिकामा करत होता तेव्हा मी गेलो होतो. मोटरचे बोल्ट काँक्रीटमध्ये गंजून बसले होते, तो रॉकेल सोडून सोडून पाना मारत होता. मला वाकडं काही बोलला नाही, फक्त विचारलं की शटर काढून नेलं तर चालेल का, त्यावरचं चित्र त्याच्या मुलीनंही रंगवलं होतं. शटर मालकाचं होतं, ते तिथंच राहिलं. त्यानंतर मी करार बघितल्याशिवाय एकाही भिंतीला हात लावू दिलेला नाही.

आता हे काही आमच्या एका गल्लीपुरतं नाही. मायामीमधलं विनवूड बघा, कपड्यांच्या धंद्याची गोदामं आणि मागे मुख्यतः पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांची वस्ती. 2009 मध्ये टोनी गोल्डमन या बिल्डरनं तिथं गोदामांच्या भिंती जगभरच्या चित्रकारांना दिल्या, चित्रं खरोखर जबरदस्त आहेत, पण जमीन आधी घेतलेली होती आणि चित्रं नंतर आली, म्हणजे भाव वाढणं हा त्या योजनेचा अपघात नव्हता तर तोच तिचा हिशोब होता. जमीन ज्याची त्यानं असा हिशोब केला म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण वस्तीनं तोच कित्ता गिरवायचा ठरवला आणि जमीन मात्र दुसऱ्याचीच राहिली तर फायदा कुणाला जाणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

न्यूयॉर्कच्या सोहोची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, कारण तिथं कायद्यानं कलाकारांना संरक्षण दिलं होतं. 1960 च्या दशकात तिथं लोखंडी खांबांच्या जुन्या कारखाना-इमारती होत्या, तो सगळा भाग पाडून टाकायचे बेत चालले होते. चेस्टर रॅपकिन या नियोजनकारानं तिथला सर्व्हे केला तर कळलं की "मेलेल्या" म्हणवल्या जाणाऱ्या ह्या भागात हजारो माणसं कामाला आहेत, त्यात मोठ्या संख्येनं कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन कामगार. म्हणजे भाग वाचवण्याचा मूळ मुद्दा रोजगार हा होता. पण 1971 मध्ये झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल ह्याचे नियम, बदललं तेव्हा शहरानं प्रमाणपत्र मिळालेल्या कलाकारांना तिथं राहून काम करायची परवानगी दिली, 1982 मध्ये लॉफ्ट कायदा आला आणि असल्या इमारतींत राहणाऱ्या भाडेकरूंना आधार मिळाला, आणि छोट्या कारखान्यांना मात्र त्या तोडीचं काहीच मिळालं नाही. ते गेले. मग हळूहळू कलाकारही गेले, कारण आजूबाजूचं काम गेलं की उरतो तो फक्त उंच छताचा सुंदर हॉल, आणि सुंदर हॉलसाठी कलाकारापेक्षा जास्त पैसे देणारा माणूस कायम सापडतो.

इथंच माझं मुख्य म्हणणं आहे. कला आणि उद्योग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक आली की दुसरी जाते, असं धरून बहुतेक योजना लिहिल्या जातात. प्रत्यक्षात दोघांना अगदी एकच जागा लागते! शिल्पकार घ्या नाहीतर फॅब्रिकेटर घ्या, उंच छत हवं, वजन पेलणारी फरशी हवी, थ्री फेज वीज हवी, ट्रक मागे घेता येईल एवढं दार हवं, मालाची लिफ्ट हवी, धूर आणि वास बाहेर काढायची सोय हवी, ठोकाठोक केली तर शेजारी पोलिसांना फोन करणार नाही अशी वस्ती हवी, आणि हे सगळं स्वस्तात हवं. दोघांचा विरोधकही एकच, तीच जागा ऑफिस किंवा फ्लॅट म्हणून विकली तर मिळणारा भाव. म्हणजे हे दोघं नैसर्गिक सोबती आहेत. त्यांना एकत्र धरून नियम केले तर दोघं टिकतात, आणि कलाकारांना उद्योगाच्या जागी आणायला निघालात तर तो फक्त मधला टप्पा ठरतो, गरज सरो वैद्य मरो.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2016 साली मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला तो ह्याच विचाराचा आहे. मिशन आणि दक्षिण मार्केट भागात उत्पादन-दुरुस्तीची जागा, कलेची जागा किंवा सामाजिक संस्थेची जागा पाडून दुसरं काही बांधायचं असेल तर नव्या बांधकामात ठरलेल्या प्रमाणात तशीच जागा परत द्यायची. मला त्यात सगळ्यात जास्त काय आवडलं तर गॅरेज, छापखाना, नृत्याचा हॉल हे सगळे एकाच कलमात बसवलेत. एकाच कलमात असले की एकमेकांसाठी भांडतात. वेगवेगळ्या कलमांत टाकले की एकमेकांच्या जागेवर डोळा ठेवतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि एकत्र राहिले की काय होतं ते लांबून कळत नाही, म्हणून एक अगदी जवळून बघितलेला प्रसंग सांगतो. आमच्या एका इमारतीत खाली लेथवाला आणि वर एक शिल्पकार बाई. बाईंना पितळेचा पोकळ गोळा हवा होता, एकसंध, भिंत दोन मिलिमीटरची. लेथवाल्यानं ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला ताई, एवढी पातळ भिंत चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरली की दबणार आणि हत्यार लागलं की थरथरणार, पृष्ठभागावर लाटा येतील, पॉलिश करूनही जाणार नाहीत. मग दोघांनी अर्धा दिवस घालवला. शेवटी त्यानं दोन अर्धगोल केले, आतून लाकडाचा ठोकळा बसवला म्हणजे भिंतीला आधार मिळाला, कडेला बारीक आटे पाडले, एकात एक फिरवून बसवले आणि मग जोडावरून शेवटचा हात फिरवला. जोड नखालासुद्धा लागत नव्हता. बाईंचं काम झालं हा एक भाग, पण पुढे त्याच पद्धतीनं त्याला दिव्यांच्या पितळी कव्हरांचं काम मिळालं, आधी तो फक्त बुशिंग आणि शाफ्ट करायचा आणि नगामागे चिल्लर सुटायची. बाईंनी त्याला गिऱ्हाईक दिलं नव्हतं, त्यानं बाईंना शिकवलं आणि त्यात स्वतःचं नवं काम शोधलं. असली देवघेव महोत्सवातून होत नाही, एकाच जिन्यानं पाच-सहा वर्षं वर-खाली केल्यानं होते.

दक्षिण कोरियात सोलमधल्या मुल्ले-दोंगमध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं. धातूकामाच्या शेकडो छोट्या वर्कशॉप, वरचे मजले रिकामे, 2000 नंतरच्या काही वर्षांत महाग झालेल्या भागांतून कलाकार तिथं वर राहायला-काम करायला आले, दिवसा खाली लोखंड कापायचं, संध्याकाळी वर तालीम, आणि 2010 मध्ये शहरानं तिथं सार्वजनिक कलाकेंद्र उघडलं. पण तिथंही पुढे खाण्यापिण्याची दुकानं आली, भाडी चढली, आणि वर्कशॉपवाल्यांना हलवायच्या गोष्टी सुरू झाल्या. एकत्र राहणं छान आहे, पण एकत्र राहण्यानं जागा आपल्या होत नाहीत.

मग जागा आपल्या कशा करायच्या. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे जमीन किंवा इमारत बाजारातून बाहेर काढून अशा संस्थेच्या नावावर करायची जिला विकून नफा करायचाच नाही. ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटमध्ये पालिकेच्या ताब्यात आलेली एक मोठी जुनी गिरणीची इमारत 1990 च्या दशकात अशाच ना-नफा संस्थेनं घेतली, दुरुस्त केली, आणि सुतार, फर्निचरवाले, धातूकाम करणारे, कलाकार यांना भाड्यानं दिली. आसपासचे भाव नंतर कुठल्या कुठे गेले पण त्या इमारतीत अजून लाकूड कापलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोतच 2013 मध्ये एका फाउंडेशनच्या 50 लाख डॉलरवर एक ट्रस्ट सुरू झाला, त्याची पद्धत अशी की ट्रस्ट इमारत विकत घेतो, कलासंस्थेला भाड्यानं देतो, आणि काही वर्षांत संस्था पैसे उभे करून जुन्या ठरलेल्या किमतीला तीच इमारत घेऊ शकते. म्हणजे मधल्या काळात बाजार वाढला तरी तो वाढीचा पैसा संस्थेच्या डोक्यावर बसत नाही. तुमच्याकडची कंपनी "पैसे घालायला तयार" आहे ना, तिला हे दाखवा. तीन दिवसांच्या महोत्सवाला जेवढा खर्च होतो त्यात एखाद्या बंद शेडचं बयाणं होतं.

एक सावधगिरी मात्र, कर्ज काढून धावू नका. टोरोंटोमध्ये कलाकारांसाठी जागा उभ्या करणारी 1986 सालची एक नावाजलेली संस्था होती, जगभरचे लोक तिथं शिकायला जायचे, मीसुद्धा तिचे अहवाल पाठ केल्यासारखे वाचलेत. एका मोठ्या नव्या प्रकल्पाच्या कर्जाखाली ती 2023 मध्ये कोलमडली. एका वेळी एक इमारत, ती भरली, भाडं नीट यायला लागलं, की पुढची.

जमीन घेणं शक्य नसेल तर करार. आणि करारात काय बघायचं हे इथं जरा खोलात सांगतो कारण सगळे फक्त भाड्याचा आकडा बघतात. मुदत कमीत कमी दहा वर्षं, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूचा, मालकाच्या मर्जीवर नाही. भाडेवाढ महागाई निर्देशांकाला बांधलेली, "बाजारभावानुसार" हा शब्द कुठंही दिसला तर खोडायचा. मग सामायिक देखभाल खर्च. इथं सगळ्यात जास्त फसगत होते, भाडं जागच्या जागी ठेवतात आणि लॉबीला संगमरवर, दारात कारंजं, सिक्युरिटी, ह्या सगळ्याचा खर्च गाळ्यामागे वाटतात, की दोन वर्षांत देखभाल भाड्याच्या बरोबरीला येते. म्हणून देखभालीलाही वरची मर्यादा घाला आणि कुठल्या कामांचा खर्च लावता येईल त्याची यादी करारालाच जोडा. इमारत विकली गेली तर नवा मालक ह्याच कराराला बांधील, हे कलम हवंच, आणि करार नोंदणीकृत हवा. पोटभाडेकरूंनाही त्यात घ्या, कारण प्रत्यक्ष मशिनवर उभा असलेला माणूस पुष्कळदा पोटभाडेकरू असतो आणि कागदावर त्याचं नावच नसतं, मग "सगळ्यांना संरक्षण दिलं" असं जाहीर होतं आणि तो नेमका बाहेर.

करांचंही बघा, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. टोरोंटोमध्येच 401 रिचमंड नावाची एक जुनी पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याची इमारत आहे, 1994 मध्ये एका कुटुंबानं घेतली आणि कलाकार, छोटे धंदे, संस्था यांना परवडणाऱ्या भाड्यात ठेवलं. मालक चांगला, भाडेकरू खूश, तरी संकट आलंच, कारण मालमत्ता कर ठरवणाऱ्यांनी तिथं आज काय चाललंय ते न बघता तिथं टॉवर बांधला तर काय किंमत येईल ते धरून कर लावायला सुरुवात केली. मग पुष्कळ भांडून 2018 मध्ये अशा एकत्रित सर्जनशील कामाच्या इमारतींसाठी वेगळा करवर्ग झाला आणि पात्र इमारतींचा कर निम्म्यावर आला. तुमची पालिका "कला विभाग" जाहीर करणार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की जाहीर झाल्यावर कर कशावर लागणार, चालू वापरावर की संभाव्य वापरावर. लेखी उत्तर घ्या.

आवाजाचा प्रश्न लगेच येणार. नवे फ्लॅट होतात, राहायला आलेला माणूस सहा महिन्यांत तक्रार करतो की शेजारी कटर चालतो, आणि चाळीस वर्षं तिथं असलेला कारखाना बंद होतो. ह्यावर साधं तत्त्व आहे, जो बदल घेऊन येतो त्यानं बंदोबस्त करायचा, म्हणजे दुहेरी काचा, आवाज अडवणाऱ्या भिंती हे सगळं नव्या बांधकामानं स्वतःच्या खर्चानं करायचं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं 2014 मध्ये संगीताच्या जागांसाठी हे आणलं, इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात 2018 मध्ये आलं. संगीतासाठी म्हणून बहुतेक ठिकाणी ते आलं, पण वर्कशॉपलाही तितकंच लागू करून घ्या.

आणि आग. ह्यावर मी कुणाशीच तडजोड करत नाही. 2 डिसेंबर 2016 ला ओकलंडमध्ये कलाकार राहत असलेल्या एका गोदामात कार्यक्रम चालू असताना आग लागली, 36 माणसं गेली. वायरिंग जुगाडाचं, बाहेर पडायचे रस्ते नाहीत, जिना कामचलाऊ. त्यानंतर दुसरी एक गोष्ट झाली ती कमी बोलली जाते, ठिकठिकाणी अशा जागांवर तपासणीचा ससेमिरा लागला आणि पुष्कळ माणसं रस्त्यावर आली. म्हणून फक्त तपासणी मागू नका, दुरुस्तीचा निधी आणि मुदतही मागा, की त्रुटी सापडली तर अमुक महिने वेळ, बिनव्याजी पैसे, आणि तोपर्यंत जागा खाली करायला लावायची नाही, जीवाला तात्काळ धोका असेल तेवढं सोडून. कंपनीचा पैसा इथं घातला तर त्याचं सोनं होईल. नवी वायरिंग, दुसरा जिना, अग्निरोधक दरवाजे, फोटोत ह्यातलं काही दिसत नाही, पण मी एकच गोष्ट मागायची झाली तर हीच मागेन.

कंपनीबद्दल अजून एक. मोठा उद्योग आला की तो प्रायोजक होतो, बॅनर लावतो, निघून जातो. त्याच्याकडून प्रायोजकत्व मागू नका, ऑर्डरी मागा. त्यांच्या ऑफिसचं फर्निचर, पाट्या, युनिफॉर्म, छपाई, प्रदर्शनाचे स्टॉल ह्यातला ठरलेला वाटा ह्या पट्ट्यातल्या गाळ्यांना, तीन वर्षांच्या करारानं आणि तीस दिवसांत बिल चुकतं करून. छोट्या कारागिराला नव्वद दिवसांची उधारी मारते, कामाचा तुटवडा नाही. शिवाय त्यांच्या मोठ्या मशिनचे रिकामे तास, लेझर कटर, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, रात्री पडून असतात ते. आणि वस्तीतल्या पोरांना पगारी उमेदवारी, बिनपगारी नाही. पुष्कळ शहरांत मोठ्या बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवायचा नियम असतो, फिलाडेल्फियानं 1959 मध्ये तो आणला तेव्हापासून पसरला. तसा नियम तुमच्याकडे असेल किंवा करायचा असेल तर त्यात एक वाक्य घाला, कलाकृती घडवायचं काम, म्हणजे ओतकाम, वेल्डिंग, सुतारकाम, रंगकाम, ते ह्याच पट्ट्यात झालं पाहिजे. कलाकार कुठलाही असो. त्या एका वाक्यानं एक टक्क्यातला मोठा भाग गाळ्यांमध्ये येतो.

नियमातल्या शब्दांवर एवढा भर का देतोय ते मुंबईच्या गिरण्यांवरून कळेल. 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर साधारण तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. विषय सुमारे 600 एकरांचा. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, इमारती पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून वगळली गेली. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी इमारतच, मोकळी जमीन असणार किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. तीन वाट्यांचं तत्त्व कागदावर जसंच्या तसं राहिलं, फक्त वाटे कशाचे करायचे ते बदललं. म्हणून तुमच्या विभागाचा मसुदा आला की तत्त्वांच्या पानांवर वेळ घालवू नका, व्याख्यांचं पान उघडा. "औद्योगिक वापर" म्हणजे काय, त्यात सॉफ्टवेअर ऑफिस बसतं का. "सर्जनशील उद्योग" म्हणजे काय, त्यात जाहिरात कंपनी बसते का. बसत असेल तर तीच येणार, कारण तिला भाडं परवडतं.

पालिकेनं मनावर घेतलं तर किती करता येतं आणि किती नाही हे सोलच्या सोंगसू-दोंगमध्ये दिसतं. बुटांच्या कारखान्यांचा भाग, तिथल्या स्थानिक प्रशासनानं 2015 मध्ये लोकांना उठवलं जाऊ नये म्हणून खास अध्यादेश काढला, मालकांना एकत्र बसवून भाडं आवरतं ठेवायचे करार करून घेतले, ठरलेल्या गल्ल्यांत मोठ्या साखळी दुकानांवर बंधनं आणली. 2018 मध्ये देशाच्या कायद्यातही व्यापारी भाडेकरूचा नूतनीकरणाचा हक्क 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेला. तरी सोंगसू आज प्रचंड महाग झालंय. माझ्या मते त्यातून दोन गोष्टी दिसतात, मालकांच्या स्वेच्छेच्या करारानं वेळ मिळतो पण जागा मिळत नाही, आणि तो मिळालेला वेळ जमीन हातात घ्यायला वापरला नाही तर वाया जातो.

आता राहणारी कुटुंबं. त्यांचं नाव प्रत्येक प्रस्तावात असतं आणि मतदानात कधीच नसतं. लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागात घरं वर्षानुवर्षं फळ्या ठोकून बंद होती, पाडापाडी चालू होती, तर उरलेल्या रहिवाशांनी, त्यात बायकाच पुढे, फळ्या रंगवल्या, रस्त्यावर कुंड्या मांडल्या, बाजार भरवला. इथंपर्यंत ते विनवूडसारखंच वाटेल, पण 2011 मध्ये त्यांनी सामुदायिक भूमी न्यास, म्हणजे वस्तीच्या वतीनं जमीन-घरं धरून ठेवणारी संस्था, काढला आणि घरं न्यासाच्या नावावर घेतली. मग असेम्बल नावाचा वास्तुकारांचा गट आला, घरं दुरुस्त झाली, आणि 2015 चं टर्नर पारितोषिक, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, त्या कामाला मिळालं. पण मला आवडते ती त्यातून निघालेली वर्कशॉप. पाडलेल्या घरांच्या विटा-दगडांचा चुरा सिमेंटमध्ये ओतून, घासून, पॉलिश करून त्यांनी शेकोटीच्या चौकटी केल्या, पुढे फरशा, भांडी, आणि ते विकून तिथं रोजगार उभा राहिला. त्या चौकटीवरून हात फिरवला की लाल विटेचे तुकडे आणि काळ्या पाटीच्या कपच्या दिसतात, म्हणजे शेजारचं घरच ते. कला, उत्पादन आणि जमिनीची मालकी तिन्ही तिथं एका जागी आलेत, आणि क्रम बघा, न्यास आधी, पारितोषिक नंतर.

तुमच्याकडे जी समिती होईल तिच्यात म्हणून कलाकार, गाळेवाले, कामगार आणि भाड्यानं राहणारे ह्या चौघांना मत द्या, "निमंत्रित सदस्य" नको. बैठक कामगारांच्या पाळीनंतर घ्या. नवा भाडेकरू निवडायचा अधिकारही ह्याच समितीकडे ठेवा, आणि "कलाकार कोण" ह्याचं प्रमाणपत्र द्यायच्या फंदात पडू नका, सोहोत ते करून बघितलं, प्रमाणपत्र तपासायला कुणी गेलं नाही आणि श्रीमंत माणसं बिनप्रमाणपत्राची राहायला लागली. त्यापेक्षा जागेचा वापर कागदावर बांधा. इथं हातानं किंवा मशिननं वस्तू बनली पाहिजे, किंवा तालीम झाली पाहिजे, एवढं पुरे.

राहिला महोत्सव. करा, मी विरोधात नाही, चित्रांनी वस्तीला स्वतःबद्दल बरं वाटतं हे खोटं नाही, मी त्या पोरांचे चेहरे बघितलेत. फक्त तारीख पुढे ढकला. आधी सगळ्या गाळ्यांची आणि मागच्या गल्ल्यांची पायी फिरून यादी करा, परवान्यांच्या यादीवर विसंबू नका, त्यात पोटभाडेकरू, रात्रपाळीवाले आणि घरी बसून शिवणकाम-जोडकाम करणाऱ्या बायका येत नाहीत. प्रत्येकाला तीनच प्रश्न, जागा कुणाची, करार कधी संपतो, आणि इथून उठावं लागलं तर कुठे जाल. करार संपायच्या तारखांनुसार यादी लावली की सगळ्यात आधी कुणाकडे धावायचं ते आपोआप दिसतं. बंद शेडांपैकी पालिकेच्या किंवा बँकेच्या ताब्यात कुठल्या आहेत तेही त्याच कागदावर लिहा, कंपनीसोबतच्या पहिल्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवा आणि भिंतींचा विषय त्या दिवशी काढूच नका.

यादीला साधारण सहा आठवडे लागतात, दोघं-तिघं फिरणारे असतील तर. झाली की मला पाठवा, कराराचा मसुदा मी तुमच्यासोबत बसून लिहितो. आणि फिरताना रात्री दहानंतर एक फेरी नक्की मारा.